मदत हवी आहे: ग्रामपंचायतीच्या इमारतींवर सौर सक्तीचा ठराव, अटी काय घालाव्यात?

खाडीकाठ:
गुहागर तालुक्यातली ग्रामपंचायत, समुद्र अगदी जवळ. पंचायतीच्या ताब्यातल्या प्रत्येक इमारतीवर सौर संच बसवलाच पाहिजे, असा ठराव ग्रामसभेपुढे ठेवायचा आहे. कार्यालय स्लॅबचं, गळतीमुळे वर पत्र्याची शेड. शाळा कौलारू. कार्यालयाचा वापर महिन्याला साधारण ३०० युनिट, मंजूर भार २ किलोवॅट. ठेकेदार ५ किलोवॅट सुचवतोय. किती धरावं? निविदेत काय लिहावं? आणि पावसात लाईट गेली तर कार्यालय चालेल ना?

कातळसडा:
शेवटचं आधी सांगतो, कारण ग्रामसभेत हेच विचारतील. साध्या ऑन-ग्रिड संचावर, म्हणजे बॅटरीशिवाय थेट महावितरणच्या लाईनला जोडलेल्या संचावर, चालणार नाही. लाईन गेली की इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. हायब्रिड (लाईन गेल्यावर बॅटरीवर चालणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी मागा, पण सगळ्या कार्यालयासाठी नको. संगणक, राउटर आणि दोन-चार दिवे यांचं सर्किट वेगळं काढा. ३०० वॅट पाच तास म्हणजे दीड युनिट. त्याला अडीच किलोवॅट-अवरची, म्हणजे अडीच युनिटची, लिथियम बॅटरी पुरते. लेझर प्रिंटर त्यावर जोडू नका.

क्षमता: १ किलोवॅटमागे वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिट धरतात. म्हणजे तुम्हाला ३ किलोवॅट पुरे, ५४० वॅटची ६ पॅनेल. मंजूर भारापेक्षा मोठ्या संचाला नेट मीटरिंग (जादा वीज लाईनला देऊन बिलात वळती करून घेणं) मिळत नाही, तेव्हा आधी भार ३ किलोवॅटच्या वर वाढवून घ्या. हिशेब एप्रिल ते मार्च असतो. एप्रिल-मेचे जमा युनिट जून ते सप्टेंबरमध्ये वळते होतात, हे आपल्याकडे सोयीचं पडतं. घरांना मिळणारं पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान पंचायतीच्या इमारतीला नाही, अंदाजपत्रकात ते धरू नका.

माडबन_वायरिंग:
खरा धोका शेडचा. ६ पॅनेलचं वजन दोनशे किलोच्या आत, ते प्रश्न नाही. वारा खालून उचलतो तो प्रश्न आहे. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात किती पत्रे उडाले ते रायगड-रत्नागिरीत सगळ्यांना ठाऊक आहे. पत्र्याला स्क्रू मारून रेल बसवणं म्हणजे पत्र्यासकट पॅनेल घालवणं. पाय थेट इमारतीच्या कॉलमवर उतरवा, पत्र्यातून जातील तिथे कॉलर बसवून सीलंट भरा. आयएस ८७५ भाग ३ या भारतीय मानकाप्रमाणे वाऱ्याचा हिशेब आणि त्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही, ही अट निविदेत हवीच. कल १० ते १५ अंश, तोंड दक्षिणेला.

खारी हवा: सांगाडा हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेला), थर किमान ८० मायक्रॉन, आणि गॅल्व्हनाइज झाल्यावर साइटवर ड्रिल किंवा वेल्डिंग बंद. गंज नेमका त्याच भोकाच्या कडेने सुरू होतो, दोन पावसात नट हलत नाही. नट-बोल्ट एसएस ३१६ या स्टेनलेस स्टीलचे. पॅनेलला आयईसी ६१७०१ची खारफवारा चाचणी. पॅनेलच्या केबल जोडणारे एमसी४ कनेक्टर दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे. वेगवेगळे जोडले की संपर्क ढिला राहतो, खार शिरतो, आणि जळतो तो तोच सांधा. केबल पाइपातून न्या, वांदर ओढतात.

कातळसडा:
अर्थिंग राहिलं. डीसी (पॅनेलची बाजू), एसी (लाईनची बाजू) आणि आकाशातल्या विजेसाठीचा वीजरोधक यांचे तीन वेगळे खड्डे. जांभ्याच्या कातळात नेहमीचा खड्डा मार्चमध्ये कोरडा पडतो आणि रोध वाढतो. बोअर मारून केमिकल अर्थिंग (ओल धरणारं मिश्रण भरलेलं) घ्या, आणि मोजणी उन्हाळ्यात करून ५ ओमच्या आत दाखवावी अशी अट घाला. पावसात मोजलं तर काहीही चांगलंच दिसतं.

खाडीकाठ:
कळलं. शाळेचं काय करू?

माडबन_वायरिंग:
कौलांवर नको. वासे तपासल्याशिवाय तर नाहीच. शिवाय इमारत जिल्हा परिषदेची असेल तर त्यांची परवानगी लागेल. मैदानाच्या कडेला माडांची सावली पडत नसेल तिथे जमिनीवर स्ट्रक्चर करा, भोवती कुंपण घाला. ठरावात "प्रत्येक इमारत" याऐवजी "सावली व छताची तपासणी करून योग्य ठरलेली प्रत्येक इमारत, अन्यथा त्याच आवारात जमिनीवर" असं लिहा. आणि नळपाणी योजनेच्या पंपाचं बिल एकदा काढून बघा. पंचायतीचा मोठा खर्च बहुतेक तिथे असतो, आणि कार्यालयाच्या छतावरची वीज साध्या नेट मीटरिंगमध्ये त्या मीटरला वळती होत नाही. पंपघराजवळ जागा असेल तर त्याचा संच ठरावात पहिल्या क्रमांकावर घ्या.

कातळसडा:
देखभाल ५ वर्षांची निविदेतच धरा, आणि शेवटचा हप्ता पहिला पावसाळा गेल्यावर, ऑक्टोबरमध्ये बोल्ट व अर्थिंग पुन्हा तपासूनच द्या.