मदत हवी आहे: कान-मान दुखते म्हणून चांगले दात झिजवून घ्यावेत का?

नमस्कार मंडळी. मी इंदूरची, वय 46. चार वर्षांपूर्वी डावीकडची खालची दाढ काढली. मागे कुणाला दिसतंय, म्हणून तिथे काही बसवलं नाही. आता वरची दाढ त्या खड्ड्यात उतरायला लागलीय, शेजारची कललीय, आणि मी सगळं उजवीकडूनच चावते.

या हिवाळ्यात सराफ्यात (आमचा रात्रीचा खाऊबाजार) गराडू, म्हणजे तळलेल्या कंदाच्या फोडी, खाल्ले (हो, बोला काय बोलायचं ते) आणि त्या रात्रीपासून डाव्या कानापुढे कट्ट वाजतं, कानशील ठणकतं, सकाळी जबडा आखडलेला असतो. तोंडात उभी तीन बोटं जायची, आता जेमतेम दोन. कानाच्या डॉक्टरांना कानात काही सापडलं नाही. आमचे हे म्हणतात, रात्री करकर दात खातेस.

एका दवाखान्यात निळा कागद चावायला लावून दातांवरचे ठिपके दाखवले. म्हणे चावा, म्हणजे वरखालचे दात जुळणं, बिघडलाय, त्यानेच मान, पाठ, कंबर धरते. आठ दात झिजवून कॅपा बसवू. कानशिलापर्यंत पटतं, चावायचा स्नायू तिथवर जातोच. पण कंबर? ती तर दाढ शाबूत होती तेव्हापासून दुखतेय! आणि झिजवलेला दात काही परत वाढत नाही.

नुसत्या नाइट गार्डवर (रात्री दातांवर घालायचं कवच) कुणाला बरं वाटलंय का? की आधी दाढच बसवू?

प्रतिसाद, बडोद्याहून:
ताई, मी दंतवैद्य आहे. झिजवायची घाई करू नका. 1934 मध्ये कॉस्टेन या अमेरिकी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी कानाच्या तक्रारींचा संबंध पडलेल्या दाढांशी जोडला, तेव्हापासून सगळं खापर चाव्यावर फुटतंय. चाव्याने कंबर दुखते याला भक्कम पुरावा नाही. आधी मऊ जेवण, गरम शेक, जबड्याचे व्यायाम आणि रात्री गार्ड. दाढ जरूर बसवा, पण जबड्याचा सांधा शांत झाल्यावर, आणि चावण्यासाठी, कंबरेसाठी नव्हे. दिवसा ओठ मिटलेले, दात सुटे ठेवा. तोंड आणखी कमी उघडायला लागलं तर मात्र लगेच दाखवा.

मूळ लेखिका:
आभारी आहे. हे वाचताना बघितलं तर दात गच्च आवळलेले! गार्ड दुकानातला तयार चालेल, की माप देऊनच करवून घेऊ?