एमआरआयमध्ये २बी, पेट-सीटीनंतर ३सी१: तीन आठवड्यांत आजार वाढला का?

प्रश्न
माझ्या आईला (वय ५४) गर्भाशयमुखाचा कर्करोग असल्याचे बायोप्सीत निघाले. आतून केलेली तपासणी आणि एमआरआय यांवरून डॉक्टरांनी २बी स्टेज सांगितली होती. तीन आठवड्यांनी पेट-सीटी झाला आणि कागदावर ‘३सी१ आर’ असे लिहून आले. मधले दिवस आम्ही पैशांची जुळवाजुळव करण्यात घालवले. आमच्या उशिरामुळे आजार वाढला का, या विचाराने झोप लागत नाही. शिवाय एमआरआय झालेला असताना पेट-सीटी कशासाठी?

उत्तर १ (रेडिओलॉजिस्ट)
ताई, पेट-सीटीत दिसलेली ओटीपोटातील लसिका ग्रंथींची (लिम्फ नोडची) बाधा या तीन आठवड्यांतच झाली असण्याची शक्यता फारच कमी आहे. ती आधीपासून असावी, फक्त आता दिसली. मूळ गाठ किती मोठी आहे आणि ती गर्भाशयमुखाच्या बाजूच्या ऊतींत शिरली आहे का, हे एमआरआय उत्तम दाखवतो. लसिका ग्रंथींच्या बाबतीत मात्र त्याला बरेचसे आकारावर विसंबावे लागते. पेट-सीटीत किरणोत्सारी ग्लुकोज शिरेतून देतात आणि कर्करोगाच्या पेशी ते जास्त ओढून घेतात, त्यामुळे आकाराने साधी वाटणारी ग्रंथीही उजळून दिसू शकते. उलट हेच द्रव्य लघवीवाटे बाहेर पडत असल्याने मूत्राशयही चमकतो आणि त्याला लागून असलेला भाग नीट वाचता येत नाही; तिथे पुन्हा एमआरआयच कामी येतो. म्हणून दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवूनच वाचावे लागतात.

‘आर’ म्हणजे ग्रंथींचा निष्कर्ष स्कॅनवरून काढला आहे. फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या २०१८ च्या वर्गीकरणापासून ओटीपोटातील ग्रंथी बाधित असल्यास ३सी१ म्हणतात. त्याआधीच्या नियमांनुसार हाच रिपोर्ट असूनही आईंची स्टेज २बीच राहिली असती.

उत्तर २ (किरणोपचारतज्ज्ञ)
वरील मताशी सहमत आहे, पण एक सावधगिरी हवी. आपल्याकडे क्षयरोग पुष्कळ आहे आणि क्षयाच्या किंवा साध्या जंतुसंसर्गाच्या ग्रंथीही पेट-सीटीत उजळतात. ग्रंथीची जागा किंवा स्वरूप संशयास्पद वाटले, तर सुईने नमुना घेता येईल का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा. दुसरीकडे, काही मिलिमीटरच्या ग्रंथीतील आजार या तपासणीतून निसटूही शकतो.

३सी१ मध्येही आजार बरा करण्याच्या उद्देशानेच किरणोपचार आणि सोबत केमोथेरपी देतात. बाधित ग्रंथीला अधिक मात्रा द्यायची का, हे या स्कॅनवरून ठरते. महाधमनीलगतच्या (पोटातील मुख्य रक्तवाहिनीजवळच्या) ग्रंथी बाधित असत्या, तर स्टेज ३सी२ झाली असती आणि किरणांचे क्षेत्र वरपर्यंत न्यावे लागले असते.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. रिपोर्ट पुन्हा काढून पाहिला. महाधमनीलगत संशयास्पद ग्रंथी नाहीत, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. आईला लहानपणी क्षय झाला होता. ही गोष्ट आम्ही डॉक्टरांना अजून सांगितलेलीच नाही. उद्या सकाळी आधी तेच सांगते.