दूरच्या भूकंपाने विहिरीचं पाणी हलतं, मग ते सेकंदासेकंदाला मोजायला नको का?

खडकवाचक:
निरीक्षण विहिरींची पातळी तासाला एकदा किंवा त्याहूनही कमी वेळा नोंदवून आपण भूजलाची मोलाची माहिती हातची घालवतो, असं माझं ठाम मत आहे. मार्च १९६४ मध्ये अलास्कात ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला. तेव्हा अमेरिकेतल्या ७०० हून जास्त विहिरींचं पाणी हेलकावलं, दक्षिण डकोटातल्या बेल फोर्शला तर सुमारे ७ मीटर! भूकंपाच्या, भूपृष्ठाजवळून जाणाऱ्या रॅले लाटा खडकाला आळीपाळीने दाबतात आणि ताणतात. वर-खाली अभेद्य थर असलेल्या बंदिस्त जलधरात, म्हणजे पाणी धरणाऱ्या खडकाच्या थरात, पाण्याला पळायला वाट नसते, म्हणून ते विहिरीत चढतं आणि उतरतं. एका हेलकाव्याला साधारण पंधरा-वीस सेकंद लागतात. तासाला एकदा जागं होणाऱ्या लॉगरला, म्हणजे आपोआप पातळी नोंदवणाऱ्या यंत्राला, यातलं काय दिसणार?

उपसामापक:
असहमत. पाणी हेलकावलं आणि जागेवर आलं, त्यातून पाणी वापरणाऱ्याच्या हाती काय लागलं? सेकंदासेकंदाची नोंद म्हणजे बॅटरी, साठवण, देखभाल सगळंच वाढलं. त्याच पैशांत आणखी चार विहिरींवर सेन्सर बसतील. शिवाय सगळ्या विहिरी हलतही नाहीत. उथळ, मुक्त (वर अभेद्य थर नसलेल्या) जलधरातली विहीर बहुधा ढिम्म असते. एक विहीर मीटरभर उसळते आणि शेजारची हूं की चूं करत नाही. अशा बेभरवशाच्या प्रतिसादावर काय उभारणार?

खडकवाचक:
बेभरवशाचा नाही, त्यामागे हिशेब आहे. विहिरीतल्या पाण्याच्या स्तंभाला स्वतःचा आंदोलनकाल असतो. लाटेचा काल त्याच्याशी जुळला तर हेलकावा कैकपट वाढतो. जलधरातून पाणी किती सहज आत-बाहेर होतं, यावरही तो ठरतो. म्हणजे हेलकाव्यावरून खडकाचा गुण काढता येतो, आणि तोही पंप न लावता.

आणि पाणी नेहमी जागेवर येतंच असंही नाही. ओरेगनमधल्या ग्रँट्स पासजवळच्या विहिरीत दूरच्या मोठ्या भूकंपांनंतर पातळी बदलली ती बदललेलीच राहिली. भूकंप-अभ्यासक एमिली ब्रॉड्स्की आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये त्याची कारणमीमांसा केली: लाटांमुळे पाणी मागे-पुढे झालं, भेगेत साचलेला गाळ सुटला आणि दाब नव्याने वाटला गेला. आता खडकाच्या कायमच्या ताणाचा परिणाम अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो, हजारो किलोमीटरवर तो नगण्य होतो. तिथे जे काही घडतं ते लाटांच्या हादऱ्यानेच. हा हादरा टिपणारी नोंद नसेल, तर पातळी का बदलली हे नंतर कोण सांगणार?

जुनी_बोअर:
मला भीती वेगळीच वाटते. अशी चर्चा वाचून लोक आटलेल्या प्रत्येक बोअरचं खापर दूरच्या भूकंपावर फोडतील आणि उपसा मोकळा सुटेल. विहिरी खरोखर आटल्याचं ठळक उदाहरण म्हणजे पेनसिल्व्हेनियातला सप्टेंबर १९९८ चा पायमाटुनिंगचा भूकंप. तीव्रता फक्त ५.२, तरी पुढच्या काही महिन्यांत १२० च्या आसपास घरगुती विहिरी कोरड्या पडल्या. टेकडीखालच्या शेलची (चिकणमातीच्या खडकाची) उभी पारगम्यता, म्हणजे पाणी खाली जाऊ देण्याची क्षमता, वाढली आणि वरचं पाणी खाली झिरपून गेलं. पण त्या विहिरी केंद्राजवळच्या होत्या! दूरच्या विहिरीत बदल टिकला तरी तो सहसा सेंटीमीटरांत मोजायचा असतो. पावसाळी फरक आणि शेजाऱ्याचा पंप त्याहून कितीतरी मोठे.

खडकवाचक:
खापर फुटू नये म्हणूनच बारीक नोंद हवी. लाटा पोचल्या त्याच मिनिटाला पातळीत पायरीसारखा अचानक बदल झाला का, की पातळी आधीपासूनच हळूहळू उतरत होती, हे तासाच्या आकड्यांतून कळत नाही.

पूर्वसूचक:
तुम्ही दोघंही मुख्य मुद्दा सोडताय. १९७५ ला चीनमध्ये हायचंगच्या भूकंपाआधी विहिरींत बदल दिसले होते. नोंदी घ्यायच्याच तर पूर्वसूचनेसाठी घ्या.

उपसामापक:
हायचंगला भूकंपाआधी लहान धक्क्यांची मालिका होती, इशाऱ्यामागचं मोठं कारण ते. पुढच्याच वर्षी चीनमध्येच तांगशानचा भूकंप झाला, तेव्हा वेळेवर इशारा मिळाला नाही आणि लाखो माणसं गेली. लाटा येऊन गेल्यावर पाणी हलणं हा परिणाम आहे, त्याला सूचना म्हणू नका. लोकांच्या जिवाशी खेळ होतो.

मूळ मुद्द्याबद्दल: मोजक्या विहिरी असतील तर माझा विरोध नाही. चंद्र-सूर्याच्या ओढीने खडकही रोज ताणला जातो आणि चांगल्या बंदिस्त विहिरीत पाणी त्याबरोबर काही सेंटीमीटर वर-खाली होतं. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पिन्यन फ्लॅटला खडक ताणल्यावर पाणी किती उशिरा हलतं, या रोजच्या चढउतारातल्या विलंबावरूनच भूकंपांनंतर पारगम्यता तिपटीपर्यंत वाढल्याचं २००६ मध्ये दाखवलं गेलं. त्याला सेकंदाची नोंद लागत नाही, तासाचीही पुरते. तेव्हा आधी हातात असलेल्या जुन्या नोंदी काढा, हा रोजचा चढउतार कोणत्या विहिरींत दिसतो ते पाहा, आणि महागडे लॉगर फक्त तिथेच बसवा.

खडकवाचक:
निवड मान्य. पण विलंबावरून बदल कळायला कित्येक दिवसांचे आकडे लागतात, हादऱ्याच्या त्या दहा-वीस मिनिटांत भेगेत काय झालं ते त्यात विरून जातं. लॉगर एरवी संथ चालू दे, पातळी झपाट्याने बदलू लागली की सेकंदावर जाऊ दे. बॅटरीचा प्रश्नही बराचसा मिटेल. निवडलेल्या विहिरींत हे करायला तुमची हरकत आहे का?