सल्ला हवा: वय ८१, जीएफआर (किडनीची गाळण्याची क्षमता) ११. फिस्टुला (डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडणं) आताच करावा की थांबावं? (पुणे)

भरतकुंज_२
रुग्ण: आई, वय ८१, वजन ४६ किलो, जुना मधुमेह. क्रिएटिनिन ३.९, जीएफआर ११ (सहा महिन्यांपूर्वी १३), हिमोग्लोबिन ८.९, पोटॅशियम ५.४, बायकार्बोनेट १७ (कमी, म्हणजे रक्तात आम्लता). लघवी दिवसाला १२०० मिलीच्या आसपास. इकोत ईएफ (हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता) ४५. पायावर थोडी सूज, धाप नाही. भूक मंद, थकवा खूप. घरात वॉकर घेऊन चालते, डोकं एकदम शाबूत.

एक नेफ्रॉलॉजिस्ट म्हणतात फिस्टुला करून दोन महिन्यांत डायलिसिस सुरू करा. दुसरे म्हणतात लक्षणं बघत थांबू. थांबण्यात धोका किती? सुरू करायचंच तर मशीनवरचं की पोटाचं (पोटात पिशवीतलं पाणी भरून घरीच करायचं)? सिंहगड रस्त्याच्या बाजूला सेंटर बघताना काय तपासायचं? हॉस्पिटलांची नावं नकोत, निकष सांगा.

ओपीडी_सोमवार
दोन्ही डॉक्टरांत वाटतो तेवढा विरोध नाही. फिस्टुला करणं आणि डायलिसिस सुरू करणं हे दोन वेगळे निर्णय आहेत.

सुरुवात कधी करावी, यावर सगळ्यात भक्कम पुरावा २०१० च्या आयडियल चाचणीचा. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधले ८२८ रुग्ण. एका गटाला जीएफआर १० ते १४ असतानाच डायलिसिस, दुसऱ्याला ५ ते ७ पर्यंत थांबवायचं. जगण्यात फरक पडला नाही. मात्र थांबवलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांना लक्षणांमुळे ७ च्या आधीच सुरू करावं लागलं. तेव्हा नुसत्या आकड्यासाठी घाई नको. पण थांबायचं म्हणजे दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त तपासून थांबायचं.

त्या चाचणीतलं सरासरी वय ६० होतं. तुमच्या आईच्या वयाला जवळचा अभ्यास २०२४ चा, अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या नोंदींवरचा: ६५ च्या पुढचे, जीएफआर १२ च्या खाली, प्रत्यारोपणासाठी न पाठवलेले २०,४४० लोक. लगेच डायलिसिस सुरू करणारे, थांबणाऱ्यांपेक्षा, तीन वर्षांच्या हिशेबात सरासरी ९ दिवस जास्त जगले आणि १४ दिवस घरी कमी राहिले. डायलिसिस अजिबात न घेणाऱ्यांशी तुलना केली तर सुमारे ७८ दिवस जास्त, घरचे दिवस १५ ने कमी. बहुतेक सगळे पुरुष, शिवाय तिकडची व्यवस्था वेगळी, त्यामुळे आकडे जसेच्या तसे उचलू नका. पण किती जगेल याच्या जोडीला त्यातले किती दिवस घरी, हा प्रश्न दोन्ही डॉक्टरांना विचारा.

२००९ चा अमेरिकी नर्सिंग होमचा अभ्यास तुम्हाला कुणीतरी घाबरवायला दाखवेल: ३,७०२ जण, डायलिसिस सुरू झाल्यापासून वर्षभरात ५८ टक्के गेले, आणि सुरुवातीइतकी हालचाल फक्त १३ टक्क्यांची टिकली. ते लोक आधीच परावलंबी होते. तुमच्या आई घरात स्वतः चालतात, हा फरक मोठा आहे.

आता लगेच करायचं काम. भूक मंद आणि थकवा यांना युरेमिया (किडनी न चालल्याने साठलेली विषद्रव्यं) म्हणण्याआधी ८.९ हिमोग्लोबिन आणि १७ बायकार्बोनेट यांचं काहीतरी करा. दोन्हींमुळे हेच होतं. फेरिटिन आणि ट्रान्सफरिन सॅच्युरेशन (शरीरातल्या लोहाचे आकडे) मोजा. सॅच्युरेशन ३० टक्के किंवा कमी आणि फेरिटिन ५०० किंवा कमी असेल तर शिरेतून लोह देऊन बघता येतं, आणि ते पुरलं नाही की एरिथ्रोपोएटिन (रक्त वाढवणारं इंजेक्शन). हिमोग्लोबिनचं लक्ष्य १० ते ११.५, त्याच्या वर नेऊ नये, रक्तदाब आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. रक्त चढवणं शेवटचा उपाय. सोडियम बायकार्बोनेटच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत साधारण ६ मिलीइक्विव्हॅलंट बायकार्बोनेट असतं, तेवढंच सोडियमही. ईएफ ४५ आहे, म्हणून हळूहळू वाढवा आणि रोज सकाळी लघवीनंतर वजन लिहा. ही दुरुस्ती करून चार ते सहा आठवड्यांनी भूक आणि चालणं पुन्हा बघा. डायलिसिसचा निर्णय त्यानंतर.

मधल्या काळात पोटॅशियम ६ च्या वर टिकलं, आडवं पडल्यावर धाप लागली, उलट्या थांबेनात, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं सुरू झालं, तर थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवा.

अळणी
पोटॅशियम ५.४ ला आहाराच्या आधी तीन गोष्टी तपासा. घरात 'लो सोडियम' मीठ आहे का? त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं, किडनीच्या रुग्णाला ते चालतच नाही. सैंधव हे बहुतांशी साधं मीठच, त्यामुळे त्याने सोडियम वाचत नाही. दुसरं, पोट रोज साफ होतं का? या टप्प्यावर पोटॅशियमचा बराच भाग आतड्यातून जातो. लॅक्टुलोज चालतं, मिल्क ऑफ मॅग्नेशिया नको, मॅग्नेशियम साठतं. तिसरं म्हणजे आम्लता, ती वर आलीच.

भाज्या: साल काढून बारीक चिरा, भरपूर पाण्यात उकळा, पाणी फेकून द्या, मग फोडणी. नुसतं भिजवून फार उतरत नाही. शहाळं, फळांचा रस, टोमॅटोचं सार बंद. कमरख म्हणजे स्टारफ्रूट तर एक फोडही नको, त्यातल्या द्रव्याने या रुग्णांना उचकी, गोंधळ आणि झटके येतात. पापड-लोणच्यांबद्दल सांगायला नको, पण पापडखारही सोडियमच असतो हे लोक विसरतात.

आता उलट बाजू. 'किडनी म्हणजे प्रोटीन बंद' हे ८१ व्या वर्षी ४६ किलोच्या बाईला लावू नका. डायलिसिसशिवाय साधारण ०.८ ग्रॅम प्रति किलो, म्हणजे ३७ ग्रॅम. अशक्तपणा आणि स्नायू झिजलेले असतील तर थोडं जास्तही देतात. डायलिसिस सुरू झाल्यावर १ ते १.२, म्हणजे ४६ ते ५५ ग्रॅम. डाळ-दही बंद करून भात-साबुदाण्यावर ठेवलेलं माणूस दोन महिन्यांत वॉकरवरून खाटेवर येतं.

चौथा_तास
डायलिसिस युनिटच्या बाजूने सांगतो.

आजपासून उजवा हात वापरणाऱ्या माणसाचा डावा हात राखीव. त्यात सलाईन नाही, रक्त काढणं नाही, बीपीचा पट्टा नाही. लोहाचं इंजेक्शनही दुसऱ्या हाताच्या पंजाच्या मागच्या शिरेत. मनगट आणि कोपरातल्या शिरा एकदा खराब झाल्या की सर्जनला काही उरत नाही.

फिस्टुलाआधी दोन्ही हातांची डॉपलर तपासणी (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) करून घ्या. शीर २ ते २.५ मिमीपेक्षा बारीक असेल तर या वयात आणि मधुमेहात ती तयार होण्याची शक्यता कमी. तयार फिस्टुला ओळखायची खूण: व्यास ६ मिमी, कातडीपासून ६ मिमीपेक्षा खोल नाही, प्रवाह मिनिटाला ६०० मिली. पुस्तकात सहा आठवडे, म्हाताऱ्या शिरांना तीन महिनेही लागतात. रोज सकाळ-संध्याकाळ बोटांनी फिस्टुलावरची भिरभिर (रक्तप्रवाहाची थरथर) तपासायची. ती थांबली तर त्याच दिवशी सर्जन गाठायचा. ईएफ ४५ असताना फिस्टुलाचा जादा प्रवाह हृदयाला झेपेल का, हे कार्डिओलॉजिस्टला आधी विचारा.

नाहीच जमला तर मानेतला परमाकॅथ (डायलिसिसची नळी). या वयात तो नेहमी चूक ठरत नाही, पण जंतुसंसर्गाचा धोका जास्त. डायलिसिस सुरू झाल्यावर थंडी वाजून आली की नळीतला संसर्ग समजूनच रक्त कल्चरला पाठवतात. 'एसी जास्त आहे' म्हणून शाल देऊन सोडायचं नाही.

मशीनने शरीरातून पाणी काढण्याचा हिशेब स्वतः करायला शिका. तासाला प्रति किलो १० मिली ही वयस्करांसाठी सांभाळून धरलेली मर्यादा: ४६ × १० × ४ तास = १८४० मिली. चार तासांत यापेक्षा जास्त ओढलं तर बीपी कोसळतं, पेटके येतात, घरी जाताना जिन्यात तोल जातो. ट्रॉलीवरून उठताना आधी दोन मिनिटं बसवायचं, उभ्याने बीपी बघायचं. बीपीच्या गोळ्या त्या दिवशी सकाळी द्यायच्या की नंतर, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

१२०० मिली लघवी ही मोठी जमेची बाजू. त्यावर आठवड्यातून दोनदाने सुरुवात करता येते, मात्र दर महिन्याला लघवी मोजून. ती ३००-४०० मिलीपर्यंत घटली की आठवड्याला तिसरी पाळी (डायलिसिसची फेरी) लागते. पैसे वाचवायला दोनदा आणि लघवी शिल्लक आहे म्हणून दोनदा, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सेंटरमध्ये हे विचारा: आरओ पाण्याची जंतुतपासणी महिन्याला होते का, शेवटचा रिपोर्ट दाखवा. हिपॅटायटिस बी साठी वेगळं मशीन आहे का? डायलायझर (रक्त गाळणारा फिल्टर) पुन्हा वापरतात का, वापरत असतील तर नाव आणि आकारमान तपासून लेबल लावतात का? पाळीच्या वेळी डॉक्टर इमारतीत असतो का? लिफ्टपासून खाटेपर्यंत व्हीलचेअर जाते का? हिपॅटायटिस बी लस आताच सुरू करा: ४० मायक्रोग्रॅमचा दुप्पट डोस, दंडात, ०, १, २ आणि ६ महिन्यांना, नंतर अँटिबॉडी मोजून.

आणि पुणेकर म्हणून एक: पालखीच्या आणि विसर्जनाच्या दिवसांची पाळी दोन आठवडे आधी बदलून घ्या. अनंत चतुर्दशीला मध्यवर्ती रस्त्यांवर गाडी घालणं म्हणजे पाळी चुकवणं.

मशीन की पोट? माझं मत मशीन. पोटाच्या डायलिसिसला घरात हुशार, कायम हजर माणूस लागतो.

ओपीडी_सोमवार
शेवटच्या वाक्याशी असहमत. ईएफ ४५ असलेल्या, बीपी पडण्याची भीती असलेल्या वयस्कराला पोटाचं डायलिसिस अनेकदा सोसतं जास्त, आणि आठवड्याला दोन-तीन वेळा रिक्षात चढ-उतार नाही. अट एकच, पिशव्या बदलणारी व्यक्ती आई नसून दुसरी कुणी हवी, आणि तिला नीट शिकवलेलं हवं. लघवी शिल्लक असताना दिवसाला २ लिटरच्या दोन-तीन पिशव्यांनीही सुरुवात होते. तीन धरल्या तर महिन्याला ९० पिशव्या, १८० किलोच्या वर माल. पावसाळ्यात ओल न येणारी जागा आहे का ते आधी बघा. बदलताना पंखा बंद, मास्क, हात धुणं. बाहेर आलेलं पाणी गढूळ दिसलं किंवा पोट दुखलं की ती पिशवी घेऊनच हॉस्पिटल गाठायचं. त्या पाण्यात पांढऱ्या पेशी (दर मायक्रोलिटरला) १०० च्या वर आणि त्यांत निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल असतील तर पेरिटोनायटिस (पोटाच्या आवरणाचा संसर्ग). पिशवीत ग्लुकोज असतं, त्यामुळे साखर वाढते. उलट दिवसाला ५ ते १० ग्रॅम प्रथिनं निघून जातात.

औषधांची यादीही एकदा झाडून घ्या. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, एसिक्लोफिनॅक बंद, दुखण्यावर पॅरासिटामॉल. बॅक्लोफेन नको, पाठदुखीसाठी दिलेल्या दोन गोळ्यांनी असा रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो. मधुमेहाचं मेटफॉर्मिन जीएफआर ३० च्या खाली बंद. ग्लिबेनक्लामाइड तर नकोच, आणि इन्सुलिनचा डोस कमी लागतो, कारण ते शरीरात जास्त वेळ टिकतं. नागीण झाली तर असायक्लोव्हिर जीएफआर बघून. भस्मं बंद. आणि रक्तदाबाची 'प्रिल' किंवा 'सार्टन' नावात असलेली गोळी कुणी 'किडनी वाचवायला' थांबवत असेल तर कारण विचारा. २०२२ च्या स्टॉप-एसीई चाचणीत थांबवून किडनीला फायदा दिसला नाही. पोटॅशियम आवरत नसेल तर गोष्ट वेगळी.

कागदपत्र
वय ७० च्या पुढे म्हणून आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. उत्पन्नाची अट नाही, आधार पुरतं, आयुष्मान अ‍ॅपवर नोंदणी होते. घरातल्या सगळ्या ७० वरच्यांना मिळून वर्षाला ५ लाखांचं कवच. सीजीएचएस किंवा ईसीएचएस (केंद्रीय कर्मचारी आणि माजी सैनिकांच्या आरोग्य योजना) असेल तर ती योजना किंवा हे कार्ड, एकच निवडावं लागतं. खासगी मेडिक्लेम असला तरी कार्ड मिळतं. महात्मा फुले योजनेतही डायलिसिस आहे. दोन्हींसाठी सेंटर यादीत आहे का, आणि डायलिसिसच्या पॅकेजसाठी आहे का, हे दोन वेगळे प्रश्न तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) विचारा. सरकारी पर्यायांत ससून आणि महापालिकेचं कमला नेहरू इथे पाळी रिकामी आहे का ते प्रत्यक्ष जाऊन विचारा, फोनवर नीट कळत नाही. धर्मादाय हॉस्पिटलांत १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. उत्पन्नाचा दाखला आधी काढून ठेवा.

भरतकुंज_२
आभार. दोन राहिलं. सिस्टॅटिन सी (जीएफआर काढायची दुसरी रक्तचाचणी) करावं का? आणि आई स्पष्ट म्हणते, 'मला मशीनला बांधू नका.' हे ऐकायचं की समजूत काढायची?

ओपीडी_सोमवार
सिस्टॅटिन सी करा. स्नायू कमी असले की क्रिएटिनिन कमी बनतं आणि जीएफआर आहे त्यापेक्षा बरा दिसतो. खरा आकडा ९ निघाला तरी लक्षणं तीच, त्यामुळे तेवढ्यावरून धावपळ नको.

दुसऱ्याचं उत्तर: आधी ऐकायचं. कशाची भीती आहे ते विचारा. सुयांची, प्रवासाची की खर्चाची. डायलिसिसशिवायचा मार्ग म्हणजे उपचार सोडणं नव्हे: लोह, एरिथ्रोपोएटिन, सूज उतरवणारी गोळी, बायकार्बोनेट, खाजेसाठी गॅबापेंटिन (रात्री १०० मिलिग्रॅमने, तेही जपून, झोप आणि तोल जातो), मळमळीचं औषध, हे सगळं चालू राहतं. मॉर्फिन मात्र या रुग्णांत साठतं. वेदना वाढल्या तर फेंटानिल किंवा बुप्रेनॉर्फिनचा पॅच.

मधला मार्गही आहे: ठरावीक मुदतीची चाचणी. आठ ते बारा आठवडे डायलिसिस, आणि सुरू करण्याआधीच आईच्या शब्दांत तीन गोष्टी लिहायच्या, उदाहरणार्थ स्वतः जेवणं, बाथरूमपर्यंत चालणं, डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी उठून बसणं. मुदत संपली की आई, तुम्ही आणि डॉक्टर बसून ते कागद वाचायचे. थांबवायचं ठरलं तर लक्षणांवरचे उपचार कोण, कुठे, फोनवर कसे देणार हेही त्याच कागदावर असू द्या.

कागदपत्र
त्याला जोडून: आईची इच्छा कायदेशीर लेखी करायची तर आगाऊ वैद्यकीय निर्देश. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. वेळ आल्यावर बोलणाऱ्या व्यक्तीचं नाव त्यात लिहायला विसरू नका. एकापेक्षा जास्त भावंडं असतील तर प्रत्येकाला प्रत द्या, परदेशातल्याला आधी.