एल-नेम देऊनही उंदरांचं बीपी चढंना, मदत हवी आहे

गोदाकाठ (नांदेड): एम. फार्मचा प्रोजेक्ट आहे. एल-नेम (शरीरात नायट्रिक ऑक्साइड बनणं अडवून बीपी मुद्दाम चढवणारं औषध) कधीचं सुरू केलंय, बीपी जागचं हलंना. गाईड म्हणतात हे मॉडेल (अभ्यासासाठी मुद्दाम बीपी चढवलेले उंदीर) सोपं आहे. सोमवारी प्रेझेंटेशन. कुणी केलंय का? लवकर सांगा.

रातराणी: डोस किती? पाण्यातून की नळीने थेट पोटात? बीपी कशावर मोजायलात?

गोदाकाठ: ४० मिग्रॅ प्रति किलो, पिण्याच्या पाण्यातून. शेपटीला बीपीचा पट्टा (कफ). बाकी नेहमीसारखंच.

रातराणी: "नेहमीसारखं" म्हणजे काय हो? रोज किती पाणी पितात ते मोजता का? उंदीर किलोमागं साधारण १०० मिली पितो असं धरलं तर मिलीला ०.४ मिग्रॅ पडतं. पाण्याच्या बाटलीची नळी ठिबकत असंल तर औषध भुशात चाललंय. आपल्याकडं मे महिन्यात तर पाण्याचा हिशेबच लागत नाही.

जिमवाला_जालना: पण बीपी वाढवायचंच कशाला? नायट्रिक ऑक्साइड वाढवा की! अर्जिनिन पावडर घ्या, बीटचा रस प्या. माझ्या शिरा बघा.

रातराणी: भाऊ, प्रश्न उंदरांचा आहे. नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम अडवलं की शिरा सैल पडत नाहीत, बीपी चढतं. त्यासाठीच तर हे मॉडेल. आणि तुमची पावडर २००६ मध्ये हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना देऊन बघितली होती. ती घेणारे ६ जण दगावले, दुसऱ्या गटात एकही नाही. चाचणी थांबवावी लागली.

जिमवाला_जालना: ते म्हातारे पेशंट. मी तिशीतला आहे.

मेडिकलवाले_काका: औषधाच्या बाटलीवर एल आहे का डी, ते आधी बघ. डी-नेमनं बीपी चढत नाही, ते कंट्रोलला वापरतात. आणि एसीत शेपूट गार पडली की कफला नाडीच सापडत नाही. शेपूट ऊब देऊन मोज.

सेलूकर: हेच इंजेक्शन अटॅकनंतर शॉकमध्ये गेलेल्याला देतात ना?

रातराणी: हे नाही, याच जातीचं टिलार्जिनिन. २००७ च्या ट्रायम्फ चाचणीत त्यानं मृत्यू कमी झाले नाहीत.

परभणीकर: वडील छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेटची गोळी ठेवतात. त्याचा अन् याचा काही संबंध?

मेडिकलवाले_काका: उलटा. सॉर्बिट्रेटमधून शरीरात नायट्रिक ऑक्साइडच तयार होतं. बसवूनच देत जा, उभ्यानं चक्कर येते. व्हायग्राच्या जातीची गोळी घेतली असंल तर मात्र अजिबात नको, बीपी एकदम खाली जातं. लाजून लपवतात लोक, तुम्हीच विचारा.

गोदाकाठ: बाटली स्टोअरमध्ये कुलपात आहे, किल्ली सरांकडं. अन् पाणी आम्ही आठवड्यातून एकदाच भरतो. चालतं ना?

रातराणी: 🤦