फलकावर पोवळ्याचं नाव हवं की नको?

जांभ्याचा गडगा (गुहागर)
परवा कलमांखालचा पातेरा ओढताना वीतभर साप निघाला. गडी म्हणाला, "वाळा आहे, बिनविषारी," आणि चिमटीत धरायला वाकला. मला काळं डोकं दिसलं, मी ओरडलो. खराटा लागताच त्याने शेपूट गुंडाळून वर केली. खालून निळसर, वर काळे ठिपके. पोवळाच!

आमच्या गावातल्या विषारी सापांच्या फलकावर नाग, मण्यार, घोणस, फुरसं एवढेच आहेत. पोवळाही हवा. तो नाग-मण्यारच्याच कुळातला. या कुळाच्या विषात 'थ्री-फिंगर टॉक्सिन' असतात, म्हणजे साधारण 60 ते 75 अमिनो आम्लांची छोटी प्रथिनं. मज्जातंतू अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन सोडून स्नायूला हुकूम देतो. हे प्रथिन स्नायूवरची तो हुकूम घेण्याची जागाच अडवतं. आधी पापण्या पडतात, मग जीभ जड होते, शेवटी श्वास. पोवळ्याचा नातलग असलेल्या अमेरिकेतल्या कोरल सापाच्या दंशात तर ही लक्षणं 12 तासांनीही सुरू होतात. तोवर माणूस "काही झालं नाही" म्हणून घरी झोपलेला!

बिळातला (देवरुख)
पूर्ण असहमत. अमेरिकेतल्या नातलगावरून आपल्या पोवळ्याला जोखू नका. तो जेमतेम 35 सेंटिमीटरचा, तोंड एवढंसं, दंश झालाच तर सूज आणि खाज. वीस वर्षं साप पकडतोय, माणसं गेलेली पाहिली ती फुरसं आणि मण्यारीने. फलकावर पोवळा टाकलात की पावसाळ्यात प्रत्येक वाळा ठेचला जाईल.

जांभ्याचा गडगा
मग जवळचा नातलग घ्या. आग्नेय आशियातला निळा कोरल साप पोवळ्याच्याच प्रजातीगटातला, कॅलिओफिस. 2016 साली त्याच्या विषात कॅलिओटॉक्सिन सापडलं. ते स्नायू लुळे पाडत नाही, उलट मज्जातंतूतल्या सोडियम आत सोडणाऱ्या वाटा उघड्या ठेवून स्नायू आखडून टाकतं. एकाच गटात इतका फरक, तर आपल्याकडच्याला "खाजेपुरता" कुठल्या भरवशावर म्हणायचं?

रात्रपाळी (चिपळूण)
मी वॉर्डात काम करते. आपली लस घोड्याच्या रक्तातून, त्या चारच सापांच्या विषावर बनते. पोवळ्यावर तिचा भरवसा नाही, आणि लक्षण नसताना ती टोचणंही बरोबर नाही, रिअ‍ॅक्शन जीवघेणी असू शकते. पण रुग्णाला 24 तास नजरेखाली ठेवायलाच हवं. दर तासाला "वर बघा, मान उचला, एका दमात आकडे मोजा." पापणी ढळली तर डॉक्टर निओस्टिग्मिन-अ‍ॅट्रोपिन ही औषधं देऊन बघतात, श्वास थकला तर व्हेंटिलेटर. त्यामुळे नाव हवं की नको यापेक्षा "रात्र दवाखान्यात काढा" ही ओळ मला जास्त मोलाची वाटते.

बिळातला
ती ओळ मान्य, हजारदा. पण ती सगळ्याच सापांना लागू आहे. पोवळ्याचं नाव कशाला?

जांभ्याचा गडगा
कारण गड्याने हात घातला तो "वाळाच आहे" म्हणून. दोघांची चित्रं शेजारी-शेजारी लावू, खाली ठळक लिहू, मारू नका, धरू नका. ग्रामसभेत मी नावासकटच मांडणार आहे.