जागावाटप की जागावाटणी?

नववीतल्या लेकाला शाळेतून प्रकल्प मिळालाय, मनाने एक देश काढायचा आणि त्याची निवडणूक घ्यायची. याने बेट काढलं, १० जागांची संसद, चार पक्ष, चिन्हं नांगर, होडी, कंदील, पतंग, ती रंगवण्यातच अख्खा रविवार गेला. एक लाख मतं पडली असं धरून मतांच्या प्रमाणात जागा द्यायच्या, तर त्या तक्त्यावर मी 'जागावाटप' लिहून दिलं. सासूबाईंनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "म्हणजे मतदान अजून व्हायचंय का?" बरोबरच आहे त्यांचं, आपल्याकडे जागावाटप म्हणजे युती-आघाडीवाले निवडणुकीआधी रात्र रात्र बसून करतात ते. मग मतमोजणीनंतर होतं त्याला काय म्हणायचं?

— वाटणी म्हणा की सरळ. वाटप वह्यांचं होतं, तिळगुळाचं होतं, देणाऱ्याच्या मर्जीने. वाटणी शेताची होते, ज्याचा त्याचा हिस्सा असतोच, फक्त बांधावर उभं राहून मोजून घ्यायचा.

— इतकं काटेकोर नाहीये हो ते. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे जे होतं त्याला वाटपच म्हणतात, सरस-निरस वाटप. पण घरात बोलताना वाटणीच, हे मान्य.

— पद्धतीचं नाव मात्र 'प्रमाणबद्ध प्रतिनिधित्व' लिहू नका, बऱ्याच ठिकाणी दिसतं तसं. प्रमाणबद्ध मूर्ती असते. 'प्रमाणशीर' लिहा, राज्यसभेच्या निवडणुकीसंदर्भात तोच शब्द वापरतात. नेपाळात याला समानुपातिक म्हणतात, तिथल्या प्रतिनिधी सभेच्या २७५ पैकी ११० जागा तशा भरतात. आणि अमुक टक्क्यांच्या खाली मतं पडली तर जागाच नाही, जर्मनीत ५ टक्के, इस्रायलमध्ये ३.२५, त्याला 'उंबरठा' छान बसतो.

— मतं किती पडली ते टाका ना ताई, नुसता शब्द बघून काय कळणार.

नांगर ४६,०००, होडी ३३,०००, कंदील १४,०००, पतंग ७,०००. एका जागेला १०,००० मतं, म्हणून आधी ४, ३, १, ० अशा आठ जागा दिल्या. उरल्या दोन, त्या कुणाला यावर घरात भांडण चालूय.

— यासाठी शब्द शाळेतलाच आहे, 'बाकी'. भागाकार झाल्यावर नांगराकडे ६,००० बाकी, होडीकडे ३,०००, कंदिलाकडे ४,००० आणि पतंगाची तर सगळीच ७,०००. ज्याची बाकी मोठी त्याला जागा, म्हणजे एक पतंगाला, एक नांगराला. या पद्धतीला 'सर्वात मोठी बाकी' म्हणा, 'महत्तम शेष' बिष नको, पोरं पळून जातील. दुसरी डी'हॉन्टची पद्धत, तो बेल्जियमचा, त्यात प्रत्येकाची मतं १, २, ३, ४ ने भागत जायची आणि सगळ्या उत्तरांतली मोठी दहा निवडायची. तशी केली तर होडीची चौथी जागा येते (३३,००० भागिले ४, म्हणजे ८,२५०) आणि पतंग ७,००० वर बाहेर. मतं तीच, पण ५-३-१-१ चं ५-४-१-० होतं.

— त्या १०,००० ला 'कोटा' म्हणा, आपल्या विधान परिषदेमुळे तो शब्द सगळ्यांना पाठ झालाय. जुलै २०२४ ला ११ जागा होत्या, मतदार आमदार २७४, कोटा २३. फक्त तिथे भागायचं १२ ने असतं, जागांपेक्षा एक जास्त, आणि मतं पक्षाला नाही, उमेदवाराला पसंतीक्रमाने, तेव्हा मुलाला दोन्ही एकच म्हणून सांगू नका.

सगळ्यांना थँक्यू. तक्त्यावर 'जागावाटणी', खाली 'सर्वात मोठी बाकी' असं लिहिलंय. पद्धत लेकानेच निवडली, कारण पतंगाचं चिन्ह त्याला सगळ्यात भारी जमलंय आणि तो शून्यावर नकोय. सासूबाईंनी परत वाचलं, आता विचारतायत, "पतंगाकडे कुणाची बाकी राहिलीय?"